स्कॅफोल्डसाठी बेंचटॉप फ्रीझ ड्रायर: वाळवणं उत्तम, गोठवणं तुमचं तुम्ही बघायचं

आधी निकाल सांगते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात कोटेशन असेल आणि मार्चअखेर जवळ आलेली असेल. तीन लिटरचा, उणे ५५ अंशांच्या कंडेन्सरचा, टेबलावर मावणारा भारतीय बनावटीचा फ्रीझ ड्रायर (गोठवलेल्या सॅम्पलमधला बर्फ व्हॅक्यूममध्ये थेट वाफ करून उडवणारं आणि ती वाफ थंड कंडेन्सरवर धरणारं यंत्र) टिश्यू इंजिनीअरिंगच्या, म्हणजे प्रयोगशाळेत ऊती वाढवण्याच्या, स्कॅफोल्डसाठी घ्यावा का? जिलेटिन, कायटोसान, कोलॅजेन, अल्जिनेट अशा पाण्यात बनणाऱ्या स्कॅफोल्डचं काम असेल तर जरूर घ्यावा, पण गोठवण्याच्या सोयीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवूनच. पीएलएलए किंवा पीएलजीए (शरीरात हळूहळू विघटित होणारे कृत्रिम पॉलिमर) डायॉक्सेन या सेंद्रिय द्रावकात विरघळवून करणार असाल तर घेऊ नका. आणि नुसतं पीसीएलच (हाही तसाच एक पॉलिमर) करायचं असेल तर फ्रीझ ड्रायर लागतच नाही, ते पुढे सांगते.

मी पुण्यात एका खाजगी महाविद्यालयाच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची प्रयोगशाळा सांभाळते. एम.एस्सी.चे प्रकल्प, पीएच.डी.ची मुलं, अधूनमधून शेजारच्या फार्मसीवाल्यांची सॅम्पलं, सगळ्यांचं वाळवण याच एका यंत्रावर चालतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाची यंत्रं बरेच जण बनवतात, कॉम्प्रेसर आणि पंप बहुधा बाहेरून घेतलेले असतात, आणि मी सांगणार आहे ते गुणदोष या संपूर्ण वर्गाचे आहेत. आमच्याकडे येऊन यंत्र बघून गेलेल्या इतर कॉलेजांच्या मंडळींचाही अनुभव असाच आहे.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॅफोल्ड म्हणजे पेशींना बसायला आणि पसरायला दिलेला तात्पुरता सच्छिद्र सांगाडा. पेशी त्यावर वाढतात, स्वतःचं मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं जाळं) तयार करतात आणि तोवर पॉलिमर हळूहळू विघटित होऊन निघून जातो. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हाकांटी यांनी १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये या क्षेत्राची मांडणी केली आणि त्यानंतर जगभर हे काम फोफावलं. सांगाड्याला छिद्रं हवीत, ती एकमेकांना जोडलेली हवीत आणि योग्य मापाची हवीत. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या पलीकडे ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, त्यामुळे आत नव्या वाहिन्या शिरायला वाट नसेल तर मधल्या पेशी मरतात. त्वचेसाठी २० ते १२५ मायक्रॉनची छिद्रं चांगली ठरली. हाडासाठी १०० च्या वर, आणि वाहिन्या नीट शिराव्यात म्हणून ३०० च्या पुढे जावं असं सांगितलं जातं.

फ्रीझ ड्रायरचा या क्षेत्रातला मान जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे आयोआनिस यानास आणि बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी जे त्वचेचं टेम्प्लेट तयार केलं, ते गाईच्या कंडरांमधलं कोलॅजेन आणि शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट एकत्र करून, गोठवून, वाळवूनच. ‘इंटिग्रा’ या नावाने त्याला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. म्हणजे आपण प्रयोगशाळेत जे करतो, त्याच रीतीने बनलेली वस्तू माणसांच्या अंगावर लागली आणि त्यांचे जीव वाचले. मुलांना पहिल्या दिवशी मी हे सांगते, कारण पुढची पंधरवड्यांची कटकट कशासाठी करायची ते कळायला हवं.

आता यंत्र. वाळवण्याचं काम ते चोख करतं. कंडेन्सर अर्ध्या-पाऊण तासात उणे ५५ ला पोचतो, एप्रिलच्या दुपारी थोडा जास्त वेळ घेतो, पण पोचतो. पंप चांगला असेल आणि गॅस्केट स्वच्छ पुसलेलं असेल तर दाब ०.१ मिलिबारच्या खाली सहज जातो. संध्याकाळी लावलेली प्लेट दुसऱ्या दिवशी दुपारी हलकीफुल्ल, पांढरीशुभ्र बाहेर येते. सेल्सवाले इथे तुम्हाला उणे ८० चा कंडेन्सर घ्यायला सांगतील. पाण्याच्या कामासाठी तो घेऊ नका, आणि का ते आकड्यांतच बघा. उणे २० अंशांच्या बर्फावर वाफेचा दाब सुमारे १ मिलिबार असतो. उणे ५५ च्या बर्फावर तो सुमारे ०.०२ मिलिबार. सॅम्पलमधली वाफ कंडेन्सरकडे ओढली जाते ती या दोहोंतल्या फरकामुळे. उणे ८० ला तो ०.०२ जवळपास शून्यावर येईल, पण १ च्या समोर ०.०२ काय आणि शून्य काय, ओढ तेवढीच राहते. जास्तीचे पैसे जातात, वाळवण लवकर होत नाही.

खरा प्रश्न वाळवण्याचा नाहीच. स्कॅफोल्डमधली छिद्रं वाळताना बनत नाहीत, ती गोठताना बनतात. द्रावण गोठतं तेव्हा पाण्याचे स्फटिक वाढतात आणि पॉलिमरला बाजूला सारतात. स्फटिकांच्या मधल्या फटींत पॉलिमर दाटून भिंती तयार होतात. नंतर बर्फ उडून गेला की जिथे स्फटिक होता तिथे छिद्र राहतं, त्याच मापाचं आणि त्याच आकाराचं. म्हणजे प्लेट यंत्रात ठेवायच्या आधीच सगळं ठरलेलं असतं. आणि या वर्गातल्या यंत्रात गोठवण्यावर काहीही ताबा नाही. आतल्या ट्रे नुसत्या स्टीलच्या तबकड्या आहेत, त्यांना थंड-गरम करायची सोय नाही. सॅम्पल बाहेर डीप फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि मग यंत्रात आणायचं. औषधाची पावडर किंवा आंब्याच्या फोडी वाळवायच्या असतील तर यात काही बिघडत नाही. स्कॅफोल्डमध्ये मात्र याच टप्प्यावर सगळं अवलंबून असतं, आणि ब्रोशरमध्ये त्याविषयी एक ओळ नसते.

किती फरक पडतो याचा उत्तम पुरावा फर्गल ओब्रायन यांच्या कामात आहे. एमआयटीत यानास आणि लोर्ना गिब्सन यांच्यासोबत त्यांनी २००४-०५ मध्ये कोलॅजेन स्कॅफोल्डवर केलेलं काम आज प्रत्येकाने वाचावं असं आहे. गोठवण्याचा वेग मिनिटाला ०.९ अंश असा सतत ठेवला तेव्हा छिद्रं सगळीकडे सारखी आली. थेट थंडीत ढकलून गोठवलं तेव्हा एकाच तुकड्यात जागोजागी वेगळी आली. मग वेग तोच ठेवून त्यांनी शेवटचं तापमान बदललं: उणे ४० ला छिद्रं सरासरी ९६ मायक्रॉनची, उणे १० ला सुमारे १५१ ची. पॉलिमर तोच, प्रमाण तेच. पण यासाठी शेल्फचं तापमान प्रोग्रॅम करता येणारं यंत्र लागतं, आणि त्याची किंमत ऐकून आमच्या खरेदी समितीने पुढचं कोटेशन मागवलं होतं.

हे आपल्या यंत्रावर डोळ्यांनी बघायचं असेल तर एक साधी गोष्ट करा. २ टक्के जिलेटिन आणि १ टक्का कायटोसान यांचं मिश्रण २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये भरा, दोन वेलांत दोन बारीक थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) सोडा आणि प्लेट उणे २० च्या फ्रीझरमध्ये ठेवा. तापमान सरळ शून्यावर येऊन गोठेल असं वाटतं, तसं होत नाही. ते शून्याखाली घसरत जातं, उणे सहा, उणे आठ, तरी द्रव द्रवच. मग एका क्षणी कुठेतरी पहिला स्फटिक धरतो आणि आकडा एकदम उसळून शून्याच्या जवळ येतो. तिथे तो बराच वेळ टिकून राहतो, सगळं पाणी गोठेपर्यंत, आणि मग पुन्हा उतरायला लागतो. आता शेजारच्या वेलचा आकडा बघा. तो अजून द्रवच असेल, किंवा तीन अंश आधीच गोठून गेलेला असेल. जो वेल जास्त खाली जाऊन गोठला त्यात स्फटिक बारीक आणि पुष्कळ. जो लवकर गोठला त्यात मोठे आणि मोजके. एकाच प्लेटमधले, एकाच बाटलीतल्या द्रावणाचे दोन स्कॅफोल्ड वेगळे निघतात ते इथे. मुलं महिनोन्‌महिने द्रावणाचा पीएच आणि जिलेटिनचा लॉट तपासत बसतात, आणि कारण फ्रीझरमध्ये असतं.

वाळलेला तुकडा कापून बघताना तो आधी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मगच तोडा, नुसत्या ब्लेडने कापला तर भिंती दबतात आणि छिद्रं बंद दिसतात. सोन्याचा मुलामा देऊन एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) नेला की सगळी कहाणी दिसते. वर, हवेच्या बाजूला, दुधावर साय धरते तसा एक पातळ पापुद्रा, त्यात छिद्रं जवळजवळ नाहीतच. प्लास्टिकच्या भिंतीला लागून लांबट, अरुंद नळ्या, सगळ्या आतल्या दिशेने गेलेल्या, कारण थंडी तिकडून आली आणि स्फटिक तिकडून आत वाढले. मध्यभागी मात्र गोलसर, ऐसपैस पोकळ्या, कडेच्या छिद्रांच्या दुप्पट-तिप्पट. उणे ८० ला गोठवलेल्या प्लेटमध्ये तर हा फरक आणखी उठून दिसतो. वर पेशी टाकल्या की त्या पापुद्र्यावरच पसरतात, आत उतरतच नाहीत. मग एमटीटीचा (जिवंत पेशी रंगावरून मोजायच्या चाचणीचा) आकडा चांगला येतो आणि सगळे खूश होतात, पण उभा छेद घेऊन बघितला तर आत एकही पेशी नसते. ज्यांनी हा छेद कधी घेतला नाही त्यांनी तो आवर्जून घ्यावा, अगदी कळकळीने सांगते. वरच्या थरावरच्या पेशी मोजून ‘स्कॅफोल्ड जैवसुसंगत आहे’ असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्या मुलांची मेहनत खरी असते.

आम्ही या यंत्राशी जुळवून घेतलं ते असं. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून १२ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट करून घेतली, वरचा पृष्ठभाग अगदी सपाट, म्हणजे वेल प्लेटचा तळ नीट टेकेल. थर्माकोलच्या जाड खोक्यात ही प्लेट, तिच्यावर वेल प्लेट, वर झाकण, आणि पूर्ण खोका फ्रीझरमध्ये. थर्माकोलमुळे थंडी सावकाश आत जाते आणि अ‍ॅल्युमिनियममुळे सगळ्या वेलांना सारखी लागते. पेशी गोठवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जो डबा वापरतात, मिनिटाला साधारण एक अंश उतरणारा, त्याचंच हे तत्त्व. खोक्याची जाडी बदलून वेग बदलता येतो. याने छिद्रं ओब्रायन यांच्यासारखी काटेकोर होत नाहीत, पण प्लेटमधल्या प्लेटमध्ये दिसणारा फरक खूप कमी होतो. मोठी छिद्रं हवी असतील तर पूर्ण गोठल्यावर प्लेट काही तास उणे १० च्या आसपास राहू द्या. लहान स्फटिक विरतात, मोठे आणखी मोठे होतात. वरचा पापुद्रा मात्र जात नाही. तो वाळल्यावर धारदार ब्लेडने कापून टाकायचा, आणि पेशी टाकताना कापलेली बाजू वर ठेवायची.

गोठलेली प्लेट यंत्रात नेताना पुण्याचा उन्हाळा आडवा येतो. फ्रीझरपासून चेंबरपर्यंत पाच-सात पावलं, झाकण बसवायचं, पंप चालू करायचा, दाब पुरेसा उतरायला काही मिनिटं. तेवढ्यात वेलांच्या कडा पाणावतात, आणि एकदा वितळलेला भाग पुढे कसाही वाळवला तरी चेपलेलाच राहतो. इथेही तीच अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट कामाला येते. वेल प्लेट तिच्यासकट उचलून चेंबरमध्ये ठेवायची. तिच्यात साठलेली थंडी व्हॅक्यूम येईपर्यंत सांभाळून घेते, आणि एकदा बर्फ उडायला लागला की सॅम्पल स्वतःच स्वतःला थंड ठेवतं. वर पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट फिल्म) ताणून सुईने भोकं पाडली तर वाळलेले तुकडे हवा सोडताना उडत नाहीत. बाजूला फ्लास्क लावायला आठ नळ असतात, त्यांचा स्कॅफोल्डसाठी उपयोग नाही, ते प्रोटीन-पेप्टाइडवाल्यांना द्या.

चेंबर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा आहे. सॅम्पल दिसतं हे छान, पण हा दोष म्हणून गणायला हवा, कारण डायॉक्सेनची वाफ अ‍ॅक्रिलिकला खाते. पीएलएलए आणि पीएलजीएसाठी डायॉक्सेन का वापरतात तर तो ११.८ अंशालाच गोठतो, साध्या फ्रीजमध्ये गोठवता येतो आणि पॉलिमर त्यातून सुबकपणे वेगळा होतो. पण उणे ५५ चा कंडेन्सर त्याची वाफ पाण्याइतकी घट्ट धरत नाही. उरलेली वाफ पंपाच्या तेलात जाते, रबराच्या झडपा फुगतात, अ‍ॅक्रिलिक धुरकट होऊन त्यात बारीक तडे पडतात. व्हॅक्यूमखाली तडा गेलेला चेंबर ही गंमत नाही. शिवाय स्कॅफोल्डमध्ये उरलेला डायॉक्सेन ३८० पीपीएमच्या आत असायला हवा ही औषधनिर्मितीतली मान्य मर्यादा आहे, क्लोरोफॉर्मला तर ६० च. या यंत्रावर ती गाठली की नाही हे जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) केल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू नये. या कामासाठी काचेचा चेंबर, उणे ८० चा कंडेन्सर आणि पंपाआधी कोल्ड ट्रॅप (वाफ पकडणारा थंड सापळा) हवाच. उणे ८० चे पैसे इथे सार्थकी लागतात.

कायटोसानवाल्यांनीही एक बघावं. कायटोसान अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवतात, आणि त्या आम्लाचा काही भाग बर्फाबरोबर कंडेन्सरवर येऊन बसतो. वाळवण संपल्यावर बर्फ तसाच वितळू दिला आणि पाणी आत साचून राहिलं तर कॉइलवर आणि ड्रेनच्या सांध्यावर गंज धरतो. आमच्या यंत्रात ड्रेनचा नळ तळापेक्षा किंचित वर बसवलेला आहे, त्यामुळे थोडं पाणी नेहमीच राहतं. ते प्रत्येक वेळी कपड्याने टिपून काढायला लागतं. इतकी साधी गोष्ट बनवणाऱ्याने बघायला हवी होती. फोनवर सांगितलं तेव्हा ‘मॅडम, सगळ्यांना असंच देतो’ असं उत्तर आलं.

दाब दाखवणारं पिराणी गेज स्वस्तातलं आहे, पण तेच उपयोगी पडतं. पिराणी वायूच्या उष्णतावहनावरून दाब ठरवतं आणि ते हवेसाठी जुळवलेलं असतं. चेंबरमध्ये पाण्याची वाफ असली की ते खऱ्यापेक्षा साधारण दीडपटीहून थोडं जास्त दाखवतं. म्हणून सुरुवातीला आकडा वर दिसला की घाबरायचं नाही. बर्फ संपत आला की वाफ कमी होते आणि आकडा झपकन खाली येऊन स्थिर होतो. तो स्थिर झाल्यावरही काही तास तसंच चालू ठेवायचं, भिंतींमध्ये धरलेलं पाणी निघायला वेळ लागतो. यंत्र हे आकडे साठवून ठेवत नाही, ही मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. पडद्यावर दिसतात आणि जातात. कॉलेजात एक वेळ वहीत लिहून चालेल. पण उद्या हे काम प्रत्यक्ष रुग्णापर्यंत न्यायचं म्हटलं तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ आहेत, वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं आयएसओ १३४८५ आहे, आणि प्रत्येक बॅच कशी गोठली, कशी वाळली याची नोंद मागितली जाते. सवय पहिल्यापासून लागायला हवी. आम्ही बाहेरून एक चार चॅनेलचा डेटा लॉगर जोडला आहे, त्याची केबल चेंबरच्या आत नेण्यासाठी एक फ्लास्कचा नळ बळी दिला.

वीज. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून बुधवारी संध्याकाळी कुणी सॅम्पल लावत नाही, हा नियम दारावर लिहिलेला आहे. पण न सांगता जाणाऱ्या विजेचं काय? पंप थांबला आणि मध्ये झडप नसली तर चेंबरमधला व्हॅक्यूम पंपाचं तेल उलट ओढून घेतो. आमच्या यंत्राला ही आपोआप बंद होणारी झडप ‘ऑप्शनल’ होती. ती ऑप्शनल असूच नये. यूपीएसवर कॉम्प्रेसर घ्यायचा तर मोठा यूपीएस लागतो. निदान पंप आणि झडप तरी जनरेटरच्या लाइनवर घ्या.

सर्व्हिसबद्दल मिश्र अनुभव आहे. येणारा मुलगा कामाचा आहे, गॅस चार्जिंग, गॅस्केट, पंपाच्या पात्या, सगळं त्याला हाताने येतं, आणि मुलांनी विचारलेलं तो शांतपणे समजावून सांगतो. पण तो येईपर्यंत आठवडे जातात आणि तोवर तीन प्रकल्प अडकतात. पंपाचं तेल आम्ही आता स्वतःच बदलतो. ते दुधाळ झालं की त्यात पाणी शिरलंय, काळपट आणि आंबूस झालं की आम्ल. सॅम्पल काढल्यावर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडा ठेवून पंप अर्धा तास नुसता चालवला तर तेलातलं पाणी निघून जातं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, लिहायला हवं.

पीसीएलचं सांगते म्हटलं होतं. त्यासाठी मिठाची पद्धत घ्या. अँटोनिओस मिकोस यांनी नव्वदीच्या सुरुवातीला पीएलएलएवर ती बसवून दिली, मीठ वजनाने ७० टक्क्यांच्या वर गेलं की छिद्रं एकमेकांना जोडली जातात, आणि ९० टक्क्यांच्या आसपास नेलं तर सच्छिद्रता ९३ टक्क्यांपर्यंत जाते हे त्यांनी दाखवलं. मीठ ४० आणि ६० नंबरच्या चाळणीतून चाळून मधलं घ्यायचं, म्हणजे २५० ते ४२५ मायक्रॉनचे दाणे मिळतात, आणि छिद्रही त्याच मापाचं येतं. पीसीएल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून मिठावर ओतायचं, फ्यूम हूडमध्ये सुकवायचं, मग दोन दिवस पाणी बदलत मीठ काढायचं. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरं आलं नाही की मीठ गेलं. पावसाळ्यात मात्र चाळलेलं मीठ उघडं ठेवू नका, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी धरतं, दाणे चिकटतात आणि चाळणीचं माप फुकट जातं. पीसीएल ६० अंशांना वितळतं, तेव्हा सुकवताना ओव्हन चाळीसच्या पुढे नेऊ नये. ही रीत चाळण्या, मीठ आणि फ्यूम हूड एवढ्यावर होते. लहान कॉलेजात सच्छिद्र स्कॅफोल्ड शिकवायला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही, आणि पीसीएल अंगात विरघळायला दोन-तीन वर्षं घेतं त्यामुळे हाडाच्या कामासाठी ते योग्यही आहे.

तर, खरेदीची ऑर्डर काढताना या गोष्टी लेखी मागा, नंतर तोंडी सांगून काही मिळत नाही. कंडेन्सरची कॉइल एसएस ३१६ ची. ड्रेन तळाच्या पातळीवर. पंप आणि चेंबर यांच्यामध्ये वीज जाताच बंद होणारी झडप. तापमान आणि दाब साठवून ठेवणारा लॉगर, पेनड्राइव्हवर काढता येणारा. सॅम्पलमध्ये खोचायचे निदान दोन सेन्सर. बजेटमध्ये कसंही करून बसत असेल तर थंड करता येणारा एक तरी शेल्फ, बाकी सगळ्यावर पाणी सोडा पण यावर नको. आणि ट्रेचा व्यास. ही यंत्रं २०० मिलिमीटरच्या गोल ट्रेसकट येतात. वेल प्लेट साधारण १२८ बाय ८५.५ मिलिमीटरची असते. दोन शेजारी ठेवल्या तर कर्ण २१३ भरतो आणि दुसरी प्लेट बसत नाही. किमान २२० चा ट्रे मागा, आणि चेंबरचा आतला व्यास त्याला पुरतो ना ते ड्रॉइंगवर बघून मगच सही करा.